घंटा चकाकली, अक्षरे गेली

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात शेवटच्या पानावर एक रंगीत छायाचित्र होते. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या देवळातली मोठी घंटा, तिच्याभोवती पंधरा-वीस तरुण आणि खाली ओळ : ‘श्रमदानातून ऐतिहासिक घंटेला नवी झळाळी’. घंटा खरेच सोन्यासारखी दिसत होती. मी भिंग घेऊन छायाचित्र पाहिले आणि हातातला चहा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गाव गाठले.

ती घंटा माझ्या ओळखीची आहे. साताऱ्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी 34 वर्षे नोकरी केली. पुस्तके बांधण्यापासून नोंदवह्या लिहिण्यापर्यंत पडेल ते काम केले. सुट्टीच्या दिवशी गावोगावचे कोरीव लेख उतरवून घ्यायचा नाद होता. 1994 साली या घंटेपाशी पोचलो. घंटेच्या काठापासून तीन बोटे वर देवनागरीत एकच ओळ कोरलेली होती : देणाऱ्याचे नाव, गावाचे नाव आणि शक. पातळ कागद धरून त्यावर पेन्सिलीचे शिसे आडवे फिरवले आणि तिचा ठसा घेतला. परवा तोच कागद पिशवीत घालून नेला होता.

स्टुलावर चढून ठसा घंटेला लावून पाहिला. कागदावर शकाचे चार आकडे आहेत. घंटेवर दोन उरले आहेत आणि तिसऱ्याचा शेंडा. देणाऱ्याच्या नावातली तीन अक्षरे बोटाला जेमतेम लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. गावाचे नाव होते तिथे आता नुसत्या बारीक गोल रेघा आहेत.

मुले भली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले. घंटा कशाने साफ केली, असे विचारल्यावर एकाने उत्साहाने सांगितले, “काका, आधी चिंच-मीठ लावलं. काळं निघेना. मग संडास साफ करायचं ॲसिड ओतलं आणि शेवटी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला. दोन दिवस लागले.” मी रागावलो नाही. एक तर ती मनापासून राबली होती. दुसरे म्हणजे रागवायचा मला अधिकार नाही, कारण मीही पुस्तकांच्या बाबतीत असेच उद्योग केले आहेत. ते पुढे सांगतो.

माझे वडील तांबट. चिमणपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पडवीतच भाता होता आणि लहानपणी तो मी ओढला आहे. कल्हईला आलेले भांडे आधी तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील भांड्यात सगळीकडे फिरवायचे. हे पुष्कळांनी पाहिलेले असेल. त्यानंतरचे काम कोणाच्या लक्षात राहत नाही. वडील ते भांडे धूत राहायचे, तीन-तीन पाण्यांनी. मी कंटाळायचो. ते म्हणायचे, “नवसागर पोटात राहिला तर भांडं हिरवं रडतं.” नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, हे मला पुढे कॉलेजात कळले. आणि त्या क्लोराइडचाच भाऊबंद संडासच्या ॲसिडात असतो.

घंटेचे कांसे म्हणजे साधारण 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील. हे क्लोराइड त्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसते. हवा कोरडी आहे तोवर गप्प राहते. ओल लागली की तिथे थोडे आम्ल तयार होते, ते तांब्याला खाते, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड बनते आणि पुन्हा खायला लागते. पोपटी रंगाचे, भुकटीसारखे, टाचणीने टोकरले की गळणारे ठिपके उठतात. संग्रहालयातली माणसे याला कांशाचा रोगच म्हणतात. मुलांनी जे काळपट-हिरवे निघेना म्हणून ॲसिड ओतले, ते बहुतेक ठिकाणी रोग नव्हतेच. इतक्या वर्षांत हवेशी जमवून घेताना धातूने स्वतःवर धरलेली ती साल होती, कडक आणि चिवट. ती होती म्हणून आतली अक्षरे आजवर टिकली. आता साल गेली, क्लोराइड आत गेले आणि वर भाद्रपदातला पाऊस आहे.

आपल्या वाचकांना हे लांबचे वाटत असेल तर त्यांनी फडताळातून आजीचा तांब्या किंवा परात काढावी. पूर्वी भांडी घेतली की त्यावर छिन्नीने टिंबाटिंबांनी नाव घालून घ्यायची पद्धत होती. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीखही असायची. रोज चिंच आणि राख लावून घासलेल्या तांब्यावरच्या नावावरून बोट फिरवा. नंतर माळ्यावर पडून काळ्या झालेल्या परातीवरचे नाव वाचा. आमच्या घरी आईच्या रोजच्या कळशीवर तिच्या माहेरच्या आडनावाचा नुसता काना उरला आहे. वापरातली कळशी घासायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देवळातली घंटा, ताम्रपट किंवा समईवरचा लेख म्हणजे कळशी नव्हे. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातोच आणि अक्षराची खोली मुळात असते किती? पितळेचे तर आणखी एक दुखणे आहे. आंबट लागले की त्यातले जस्त आधी निघून जाते आणि वर नुसते तांबे राहते. घासलेली समई मधूनच गुलाबी दिसायला लागली तर ती झळाळी समजू नका, तेवढे पितळ मेलेले आहे.

मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, नाना फडणविसांच्या वाड्यामागे जी मोठी घंटा टांगलेली आहे, ती अनेकांनी पाहिली असेल. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ती पोर्तुगीज घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल आहे. ती घंटा इथे कशी आली हे सांगायला इतिहासाची पुस्तके आहेतच, पण ती कुठली हे मेरीची ती आकृती आणि ते चार आकडे पाहून कोणालाही कळते. एखाद्या उत्साही रविवारी तिच्याभोवती ग्राइंडर घेऊन कोणी उभे राहिले तर, या विचाराने मला परवा परतीच्या एसटीत झोप लागली नाही.

दसरा महिन्यावर आला आहे, म्हणून हे पत्र आज लिहीत आहे. खंडेनवमीला आपल्या जिल्ह्यातल्या किती वाड्यांत जुन्या तलवारी, कट्यारी, दांडपट्टे बाहेर निघतात! आदल्या दिवशी पॉलिशपेपरने घासून त्या पांढऱ्याशुभ्र केल्या जातात. मुठीवर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेली कोफ्तगिरी असते. तिचा थर इतका पातळ की दोन दसऱ्यांत पॉलिशपेपर तो खाऊन टाकतो. जुन्या पोलादात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तीही दिसेनाशी होते. मग ओले गंध, हळदीकुंकू, वर फुले. संध्याकाळी तलवार तशीच चामड्याच्या म्यानात जाते. चामडे ओल धरते आणि त्याचे आम्ल पात्याला लागते. पूजा सोडा असे मी म्हणत नाही, माझ्याही घरी वडिलांची हातोडी आणि ऐरण पाटावर ठेवतो. गंधफूल समोरच्या विड्याच्या पानावर वाहिले तर देवीला पोचते, असा माझा अनुभव आहे. पाते मऊ सुती कापडाने कोरडे पुसावे. उघड्या बोटांनी धरू नये, घामातल्या मिठाने बोटाचा ठसा पोलादात गंजून उमटतो. खोबरेल तेल लावू नये, ते खवट होऊन धूळ धरते. संग्रहालयात वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिळाले तर त्याचा नखाएवढा गोळा अख्ख्या पात्याला पुरतो. आणि वर्षभर पाते म्यानाबाहेर राहू द्यावे, म्यान वेगळे.

2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी रांगेत उभा होतो. तीही इथूनच गेलेली. 1818 ते 1822 या काळात इथे रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती मिळाली, असे त्यांच्या पेटीवर नोंदवलेले आहे. रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांनी काचेत वाकून पाहिले आणि म्हणाले, “जरा घासून तरी आणायची होती.” मला हसू आले, पण नंतर वाटले की त्यांचे काय चुकले? जुनी वस्तू चकाकली म्हणजे जपली, हेच आपण वर्षानुवर्षे ऐकत आणि छापत आलो आहोत.

तोफांचे एकच सांगून पुढे जातो. चौथऱ्यावर ठेवलेल्या तोफेचे तोंड बहुधा रुबाबात आभाळाकडे केलेले असते. पावसाचे पाणी नळीत साठते आणि लोखंड आतून कुजते. वर मात्र काळा ऑइलपेंट चकचकीत असतो. तोंड किंचित खाली झुकवले की पाणी आपोआप निघून जाते.

आता माझा गुन्हा. 1985-86 च्या सुमारास चिकटपट्टी नवीनच सगळीकडे मिळू लागली होती. पान फाटले की लाव पट्टी. मी दोन-अडीचशे पुस्तके तरी अशी ‘दुरुस्त’ केली आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवली. आज त्या पट्ट्या सुटून पडल्या आहेत, पण त्यांचा गोंद कागदात मुरला आहे. जिथे पट्टी होती तिथे मधासारखा पिवळा पट्टा आणि त्यातून पलीकडच्या पानावरची अक्षरे उलटी दिसतात. तो गोंद काढायला आता विशेष रसायने आणि शिकलेला हात लागतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागदाची फाडून घेतलेली पट्टी एवढ्यावर तेच काम झाले असते, आणि चुकले तर पाण्याने सोडवताही आले असते. परत सोडवता येणार नाही असे काहीही जुन्या वस्तूला लावायचे नाही, हे मला निवृत्तीच्या आसपास कळले.

खळीचीही एक गोष्ट आहे. बांधणीच्या खळीत कसर लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालायचो. गुरूने शिकवले, म्हणून मीही घातला. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबे कागदाच्या तंतूंचे तुकडे व्हायला मदत करते. माझ्या हातच्या काही बांधण्या आज सांध्यावर तपकिरी होऊन कडकन मोडतात. बापाने जन्मभर तांब्याची भांडी सांभाळली आणि मुलाने तेच तांबे पुस्तकांच्या पोटात भरले!

धातू आणि पुस्तक ही दोन वेगळी खाती समजली जातात म्हणून हे मुद्दाम सांगितले. जुन्या नियतकालिकांच्या तारेच्या टाचा, दफ्तरांतल्या लोखंडी टाचण्या पावसाळ्यात गंजतात आणि टाचणीच्या आकाराचे भोक दहा-बारा पानांतून आरपार पडते. ती टाचणी ओढून काढली तर कागद तिच्याबरोबर येतो. पातळ प्लॅस्टिकची पट्टी टाचणी आणि कागद यांच्यामध्ये सरकवायची, तारेची टाच असेल तर पट्टीवरच तिचे पाय उभे करायचे, मग ती उचलायची. एका दफ्तराला मला दीड दिवस लागला होता. शाईचेही तसेच. मोडी कागदपत्रे बहुतेक काजळीच्या शाईने लिहिलेली, म्हणून अक्षरे आजही काळीभोर आहेत. हिराकस घालून केलेल्या शाईत लोखंड असते. इंग्रजी अमदानीतल्या काही वह्यांत अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराची खिडकीच झालेली मी पाहिली आहे.

एकदा वरून तपासणी होती. जुनी पुस्तके ‘बरी दिसत नाहीत’, सगळ्यांना प्लॅस्टिकची नवी कव्हरे घाला, असा आदेश आला. जूनमध्ये आम्ही ती घातली. तपासणी झाली, शेरा चांगला मिळाला. ऑगस्टमध्ये आत कोंडलेल्या ओलीने खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरली. ओल शोषायला निळे खडे ठेवले होते ते गुलाबी होऊन चार वर्षे तसेच पडलेले. ते तव्यावर भाजले की पुन्हा निळे होतात, हे कोणाला सांगावेसे वाटले नव्हते. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, खालची फळी रिकामी ठेवली, तेव्हा कुठे निभावले.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पाणी ओसरल्यावर मी मेहुण्याकडे गेलो आणि दोन दिवस तिथल्या एका ग्रंथालयातला चिखल उपसला. लोक पुस्तके उघडून पानांवरचा चिखल हाताने पुसत होते आणि उन्हात रस्त्यावर मांडत होते. चिखलातली वाळू पानाला पॉलिशपेपरसारखीच लागते. पुस्तक मिटलेलेच ठेवून स्वच्छ पाण्यात धुवायचे असते. गुळगुळीत कागदाची पुस्तके तर उन्हात विटेसारखी घट्ट झाली, ती पुन्हा उघडलीच नाहीत. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी येते. तेवढ्यात सगळे वाळवणे होणार नसेल तर पुस्तके गोठवून ठेवायची आणि सवडीने वाळवायची. फ्लॉरेन्समध्ये 1966 च्या नोव्हेंबरात आर्नो नदीचे पाणी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरले, त्या संकटापासून हे शास्त्र जगभर वाढत गेले. तासगाव-सांगली पट्ट्यात बेदाण्याची कितीतरी शीतगृहे आहेत. तिथे गोठत नाही, पण बुरशीचा वेग नक्की मंदावतो, आणि उणे वीस अंशांचे फ्रीजर आइस्क्रीमवाल्यांकडे असतात. आधीच बोलून ठेवले तर पुराच्या दिवशी फक्त टेम्पो लागेल. मी हे तेव्हा सुचवले. एक जण म्हणाला, “काका, बेदाण्यात पुस्तकं?” विषय तिथेच संपला.

औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभारले, त्याचे नावच ‘श्री भवानी वस्तुसंग्रहालय व ग्रंथालय’. दोन्ही एका छताखाली. माझी ती आवडती जागा आहे. खटावच्या त्या कोरड्या हवेत धातू सुखी असतो. पण लहान संस्थांत मी तलवार आणि पोथी एकाच लोखंडी कपाटात पाहिली आहे. धातूला हवा जितकी कोरडी तितकी बरी, कागदाला 45 ते 55 टक्के दमटपणा हवा. फार कोरडे झाले की कागद कडकडतो. एकाचे औषध दुसऱ्याचे विष.

तेव्हा विनंती अशी. ‘झळाळी’ची बातमी आली की आपल्या वार्ताहराने एक प्रश्न विचारावा, कशाने साफ केले? उत्तरात ॲसिड, ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग असेल तर ती बातमी कौतुकाची नाही. शंभर वर्षांवरची अशी घंटा 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, एवढे जरी मजकुरात आले तरी पुढच्या गावची मुले थबकतील. जाणकार मिळत नाहीत ही सबब अर्धीच खरी आहे. लखनौला या कामाची राष्ट्रीय प्रयोगशाळा 1976 पासून आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचे केंद्र आहे. जिल्ह्याला एक शिकलेला माणूस आणि एक गाडी मिळाली तर देवळे, वाडे आणि ‘ड’ वर्गाची, म्हणजे सर्वांत लहान, ग्रंथालये सगळी फिरून होतील. ते होईपर्यंत, निदान या दसऱ्यापुरते, खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात ‘घासू नका’ एवढी चौकट आपण पहिल्या पानावर छापावी. चांदीच्या मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या काळ्या पडतात, हेही त्यात घालायला हवे, पण ते आपल्याला छापवेल का?

मुलांनी निघताना विचारले, “आता काय करायचं, काका?” ती वर वॉर्निश मारणार होती, डबा आणलेला होता. मी म्हटले, डबा परत करा. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणा, घंटा पुनःपुन्हा त्याने धुवा, मऊ कापडाने टिपा आणि कोरडी राहील असे बघा. आत मुरलेले सगळे क्लोराइड त्याने निघेलच असे नाही. पुढचे जाणकाराला विचारून. पोपटी भुकटी दिसली तर मला फोन करा. काल रात्री फोन आला. कॅन आणले, दोनदा धुऊन झाले. भुकटी अजून नाही, पण त्यांच्यातल्या एकाच्या घरी आजोबांची तलवार आहे, ती या वेळी घासायची की नाही, असे त्याची आई विचारत होती.

1994 च्या ठशाच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक गावात दिली. दुसरी सोबत जोडली आहे. घंटेचे छायाचित्र पुन्हा छापलेत तर ती शेजारी छापावी, म्हणजे शकाचे चारही आकडे निदान कागदावर लोकांना दिसतील. मूळ ठसा माझ्याकडे आहे. त्याची एक कड फाटली आहे, पण तिला मी अजून काही लावलेले नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रंथालय सहायक
चिमणपुरा पेठ, सातारा